स्टेजवरचा आवाज, गाडीतला आवाज

मुलीचा आवाज बिघडत चाललाय हे घरात सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं, आणि खोटं कशाला बोलू, भीतीच्या जोडीला थोडा अभिमानही वाटला. कान शेवटी कुणाचे! उभं आयुष्य मी आवाज ऐकून पोट भरलंय. गॅसच्या प्लांटमधले कॉम्प्रेसर आणि पंप यांची थरथर मोजायची, यंत्र नवं असतानाची नोंद आणि आजची नोंद शेजारीशेजारी ठेवायची आणि फरक दिसला की सांगायचं, हे बेअरिंग जाणार. बंद पडल्यावर कुणीही सांगेल. आधी सांगायचं, त्याचाच पगार. आता सेन्सर आले, लॅपटॉप आले, पण मी जुन्या वळणाचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानापाशी हाडाला दाबायची आणि ऐकायचं. त्यासाठी कानावरचे, गोंगाट अडवणारे मफ बाजूला सरकवावे लागतात, ते सरकवायचे. नवी पोरं स्क्रीनकडे डोळे लावून बसलेली असायची, तोवर मी निकाल सांगून चहाला मोकळा.

तेच कान घेऊन मी मुलीच्या कार्यक्रमांना जात होतो.

मुलगी इथेच आखातात वाढली, अल हिलालच्या आमच्या फ्लॅटमध्ये. मी मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांचं छान चालतं. दिवसा एका जाहिरातीच्या ऑफिसात नोकरी करते, उरलेल्या वेळात गाते. गाणी तिची स्वतःची, बहुतेक इंग्रजी, मध्येच हिंदी. सोबत गिटारवर एक मल्याळी मुलगा आणि ड्रमवर एक फिलिपिनो. याला इंडी म्हणतात. मी विचारलं, म्हणजे इंडियन का? तर म्हणाली, "नो बाबा, इंडिपेंडंट." म्हणजे पाठीशी कुणी नाही आणि तिकिटं नातेवाइकांनी घ्यायची, असा मी अर्थ लावला. तिची आई म्हणाली, "झालं तुमचं?"

त्यांनी पहिली गाणी गिटारवाल्याच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून रेकॉर्ड केली होती. ती माझ्या गाडीत कायम असायची. मदिनत अश शमालला आमच्या कंपनीचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे मला आठवड्यातून निदान एकदा जावं लागतं. रस्ता सरळ, दोन्हीकडे सपाट, करडी जमीन, बघण्यासारखं काही नाही. त्या रस्त्यावर मी तिची गाणी इतक्या वेळा ऐकली की पुढचा श्वास ती कुठे घेणार हे मला ठाऊक असायचं. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये श्वास नव्हतेच, पोरांनी ते कापून टाकले होते. पण स्टेजवर ते ऐकू यायचे, म्हणून मला स्टेजवरची ती जास्त आवडायची. गिटारच्या तारेवर बोट घसरल्याची चिरक, ओळ विसरल्यावर तिचं खुदकन हसणं, वरच्या सुराला जाण्याआधी घेतलेला तो छोटासा श्वास. रेकॉर्डिंग म्हणजे इस्त्री करून कपाटात टांगलेला ड्रेस. स्टेजवर तोच ड्रेस घालून ती वावरायची.

पहिला हिवाळा असा मजेत गेला. इथे कार्यक्रमांचा हंगाम थंडीतच. उन्हाळ्यात बाहेर उभं राहणंच शक्य नसतं, तेव्हा सगळं थंडावतं. पुढच्या हिवाळ्यात एका जुन्या गोदामात तिचा कार्यक्रम होता. मी माझ्या नेहमीच्या जागी, साउंड मिक्सरच्या टेबलामागे उभा होतो. पहिलंच गाणं सुरू झालं आणि मी कान टवकारले.

आवाज दबलेला होता. घोंगडी पांघरून गात असल्यासारखा. शब्दांच्या कडा गेल्या होत्या, नुसता गाभा ऐकू येत होता. वरच्या सुराला ती गेली हे मला तिच्या ताणलेल्या मानेवरून कळलं. तिथे जी एक धारदार, स्वच्छ रेघ उमटायची, ती उमटलीच नाही. टाळ्या मात्र कडाडून पडल्या.

घरी येताना बायकोला विचारलं, "तुला काही जाणवलं?"

"काय?"

"तिचा वरचा सूर. बसलाय."

"मला तर बाई छान वाटलं."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो आणि गाडीतलं रेकॉर्डिंग लावलं. तिथे तो सूर जिथल्या तिथे होता, लखलखीत. "हे ऐक. हा फरक."

"अहो, किती कर्कश लावलंय! कान किटले," ती म्हणाली आणि आवाज कमी केला. मी पुन्हा वाढवला.

त्या दिवसापासून मी कार्यक्रम ऐकायचं सोडून तपासायलाच लागलो. नव्या यंत्राची नोंद आणि आजची नोंद, तसं गाडीतलं रेकॉर्डिंग आणि आजचा कार्यक्रम. दर वेळी फरक वाढलेला. यंत्रांच्या बाबतीत अशी ओळ खाली घसरायला लागली की ती आपोआप वर येत नाही, हे मला चांगलं माहीत होतं. रात्री अंथरुणावर पडलो की बारीक शिट्टीसारखा एक आवाज यायचा आणि झोप लागायची नाही. एसीचा असणार, म्हणून मी मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं. त्याने एसी उघडला, पुसला, परत लावला आणि म्हणाला, "सर, कोई आवाज नहीं है." मी म्हटलं, खलास, जा बाबा, तुला दिसतंय तेवढंच ऐकू येतं.

गिटारवाल्या मुलाला मी एकदा बाजूला घेतलं आणि त्या दिवसाच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मागितलं. त्याने मिक्सरमधून निघालेली फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी शमालच्या रस्त्यावर ती लावली आणि चक्रावलो. आवाज स्वच्छ. वरचा सूर जागेवर. आदल्या संध्याकाळी मी स्वतः उभं राहून ऐकला तो दबका आवाज यात कुठेच नव्हता. मी गाडी कडेला घेतली आणि त्याला फोन लावला. म्हटलं, ये सब साफ किया है क्या तुमने?

"नहीं अंकल, कुछ नहीं किया. सीधा बोर्ड से निकाला है."

मला हसू आलं. ही पोरं सॉफ्टवेअर लावून बेसूर माणसाला सुरात आणतात, मला काय माहीत नाही? तो तिच्यावरच्या मायेने झाकतोय असं मी धरून चाललो. म्हणजे त्यालाही कळलंय, आणि परिस्थिती माझ्या अंदाजापेक्षा वाईट आहे. त्या रस्त्यावर एकटं बसून मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. पोरीच्या गळ्यात काहीतरी वाढत असेल तर? आवाज कायमचा गेला तर ती काय करेल?

शुक्रवारी सकाळी पोहे खाताना मी तिला सांगितलं. "बाळा, तुझा आवाज जातोय."

तिचा चमचा हातातच राहिला. "व्हॉट डू यू मीन?"

मी सगळं सांगितलं. सूर, कडा, घोंगडी. बायको मध्ये बोलायला लागली तर तिलाही गप्प केलं. मुलगी वाद घालेल असं मला वाटलं होतं, एरवी घालते. पण तिने घातला नाही. लहानपणापासून तिने बघितलं होतं, बाबांनी सांगितलं की फ्रिज जाणार म्हणजे तो जातोच. तिने गळ्याला हात लावला आणि हळूच विचारलं, "इज इट बॅड?"

"आहे," मी म्हणालो.

त्यानंतर घरात आजाऱ्याचं वातावरण पसरलं. ज्येष्ठमधाच्या कांड्या आल्या, हळदीचं दूध आलं, थंड पाणी बंद झालं. आणि ती जोर लावून गायला लागली. आपला वरचा सूर बाबांपर्यंत पोचत नाही ना, मग पोचवायचाच. तालमीत जोर, कार्यक्रमात जोर. मी मिक्सरमागून मान हलवली की तिला हायसं वाटायचं, नाही हलवली की पुढच्या ओळीला ती आणखी ताणायची. तिच्या गळ्याची शीर मला लांबून दिसायची. असं करत करत हिवाळा सरायच्या आत एका सकाळी ती उठली तेव्हा आवाज फाटलेला होता. आता तो बायकोलाही ऐकू आला, गिटारवाल्यालाही. मी म्हणत होतो तेच झालं होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

घशाच्या डॉक्टरीणबाई इजिप्तच्या होत्या. त्यांनी नाकातून बारीक कॅमेरा घातला आणि स्क्रीनवर आम्हाला दाखवलं. स्वरतंतू सुजले होते, बाकी गाठ नाही, काही नाही. काही दिवस बोलायचं नाही, सूज उतरेल. मग त्यांनी तिला विचारलं, "तू इतकी ओरडतेस का? तुझा आवाज तर मुळात चांगला आहे."

ती फाटक्या आवाजात म्हणाली, "माय फादर कांट हिअर माय हाय नोट्स."

तक्रार नव्हती ती. जे आहे ते तिने सांगितलं. पण बाईंनी खुर्ची वळवली आणि त्या माझ्याकडे बघायला लागल्या. हातातला कागद तोंडासमोर धरून त्या काहीतरी पुटपुटल्या. मी म्हटलं, "सॉरी?" त्या पुन्हा पुटपुटल्या. मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर मी आधी कधी पाहिली नव्हती.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"शी आस्क्ड युअर नेम, बाबा."

मला शेजारच्या एका खोलीत नेलं. छोटीशी, दार बंद केल्यावर बाहेरचं काही आत येत नाही अशी, एका बाजूला काच. कानावर हेडफोन, हातात बटण. टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला जाडे आवाज आले, मी पटापट बटण दाबलं. मग ते थांबले. मी वाट बघत बसलो. काचेपलीकडची मुलगी खाली मान घालून काहीतरी करत होती. यंत्र अडकलं असेल, इकडे लोक यंत्रांची निगा राखत नाहीत, असं मनात आलं. तीच ती एसीची शिट्टी इथेही ऐकू येत होती. बराच वेळ गेला. शेवटी मी काचेवर टकटक केलं आणि खुणेनेच विचारलं, पुढची टेस्ट कधी सुरू करणार?

तिने दार उघडलं. "सर," ती म्हणाली, "टेस्ट संपली."

बाईंनी आलेख समोर ठेवला. मला समजावून सांगायची गरज नव्हती. असे आलेख वाचण्यात माझा जन्म गेलाय. रेघ थोडी सरळ चालते आणि मग घसरगुंडीसारखी खाली जाते, दोन्ही कानांची तशीच. बारीक सूर, वरचे सूर, शब्दांतले स, श, फ यांच्या कडा, हे सगळं त्या घसरगुंडीवर. यंत्रावर ठपका ठेवण्याआधी आपला सेन्सर तपासा, हे मी आमच्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो. मी स्वतःला सेन्सर समजलोच नव्हतो. आणि तो इतकी वर्षं मफ सरकवून, स्क्रू-ड्रायव्हर टेकवून, कॉम्प्रेसरच्या छातीवर कान ठेवून मीच जाळला होता.

"परत येईल का?" मी विचारलं.

"गेलेलं येत नाही," त्या म्हणाल्या. "राहिलेलं जपा. यानंतर त्याच्या खालचे सूर जातील."

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी म्युझिकचं सेटिंग उघडलं. बारीक सुरांची पट्टी पार टोकाला ढकललेली होती, आवाजही वरच्या टोकाला. कोण करणार दुसरं? मीच, शमालच्या रस्त्यावर, दर फेरीला थोडं थोडं. रेकॉर्डिंग बिचारं मी म्हणेन तसं वाकत गेलं आणि माझ्यापर्यंत पोचत राहिलं. स्टेजवर माझ्या हातात बटण नव्हतं, म्हणून खरं काय ते तिथे कळत होतं आणि मी त्यालाच खोटं ठरवत होतो. मुलगी मागच्या सीटवर बसली होती. तिला बोलायची मनाई होती. फार लाज वाटली मला त्या दिवशी.

तिचा आवाज परत आला. सूज उतरली, ज्येष्ठमध संपला. मला कानात घालायची यंत्रं मिळाली. त्यांनी घरातलं बोलणं बरंच सुधारलं, बायको मला किती बोलायची तेही कळायला लागलं. पण गाण्याला ती उपयोगाची नाहीत. ड्रम सुरू झाला की पत्र्याच्या शेडवर दगड पडल्यासारखं होतं, आणि गाणं त्या दगडांखाली. हे मी कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना इतकं बरं वाटलं होतं.

या हिवाळ्यात अल रुवैसला, धक्क्याच्या जवळ, एका मोकळ्या जागेवर कार्यक्रम झाला. मच्छीमारांच्या होड्या बांधलेल्या, समुद्र शांत, संध्याकाळची मगरिबची अजान होऊन गेल्यावर गाणं सुरू झालं. मी आता मिक्सरमागे उभा राहत नाही. मुलीने मला आणि तिच्या आईला पहिल्या रांगेत खुर्च्या दिल्या होत्या. दुसऱ्या गाण्याला दगड पडायला लागले तशी मी यंत्रं काढून खिशात टाकली. तिची जुनी गाणी मला त्यांच्याशिवायही चालतात. जिथे ऐकू येत नाही तिथे डोक्यातलं रेकॉर्डिंग आपोआप सुरू होतं आणि भोकं बुजवतं. कितीतरी वेळ मला पूर्ण ऐकू आल्यासारखंच वाटलं.

मग ती काहीतरी बोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक गाणं सुरू झालं जे माझ्या डोक्यात नव्हतं. नवीन होतं. त्याची मला काही मदतच नव्हती. ड्रमचा ठोका येत होता, गिटारची जाड तार येत होती, आणि तिच्या जागी एक गुणगुण, भिंतीपलीकडे कुणी बोलावं तशी. तोंड हलताना दिसत होतं. भाषा कुठली तेही कळत नव्हतं. बायकोने पदर डोळ्याला लावला, म्हणजे गाणं दुःखाचं असावं. मी चेहरा तसा केला. तेवढ्यात मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तिने एक ओळ म्हटली आणि ड्रम थांबला, गिटार थांबली. सगळे थांबले. ती माइक धरून माझ्याकडे बघत उभी. गाणं संपलं असं मला वाटलं. मी तोंडभर हसलो आणि अंगठा वर केला.

ती एकदम हसली. लोक ओरडले, टाळ्या पडल्या, आणि मग गाणं पुन्हा सुरू झालं. तेव्हा मला कळलं की ते संपलं नव्हतं. घरी येताना बायको माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "अहो, किती छान केलंत तुम्ही."

"हो," मी म्हणालो.

गिटारवाल्याने दोन दिवसांनी फाइल पाठवली. मी शमालच्या रस्त्यावर ती लावली आणि पट्ट्या पुन्हा टोकाला नेल्या. गाणं मराठीत होतं. ती मराठीत लिहू शकते हेच मला माहीत नव्हतं. साधे शब्द, थोडे अडखळत जोडलेले, माझ्यावरच. आणि ती ओळ आली, स्वच्छ, एकेका अक्षरासकट: बाबा, येतंय का ऐकू? मग ड्रम थांबला. त्या शांततेत लांबून होड्या एकमेकींना घासल्याचा आवाज येत होता. मग तिचं ते खुदकन हसणं, आणि माइकवर: "ही सेज यस!" आणि टाळ्या.

मी ते खूप वेळा मागे नेऊन ऐकलं. तिच्या आवाजात इतका आनंद मी त्याआधी कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये ऐकला नव्हता.

मी तिला काही सांगितलेलं नाही. तिच्या आईलाही नाही. मित्रमैत्रिणींना ती कौतुकाने सांगते, माय डॅड हर्ड एव्हरी वर्ड. पुढच्या कार्यक्रमात तेच गाणं शेवटी घेणार आहेत. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, सेम प्लेस, ओके?" मी म्हटलं, इन्शाल्ला. त्यामुळे वर्कशॉपला जाताना सध्या मी तेवढंच एक गाणं लावतो, त्या संध्याकाळी दिसलेलं डोळ्यांपुढे आणतो आणि अंगठ्याची ती जागा पाठ करतो. गिटारवाला मान खाली घालतो, ड्रमवाला काठी झांजेला लावून तिची झणझण थांबवतो, मग दोन सावकाश ठोके, मग ती ओळ, मग अंगठा. ड्रमचे ठोके मला अजून ऐकू येतात, तोवर जमेल.